सहा कड्या

मिनिया, मंगळवार

प्रिय नर्मीन,

तू पाठवलेला छापील कागद गेले नऊ दिवस माझ्या टेबलावर पडून आहे. वर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'आपल्या डॉक्टरांविषयी : रुग्णांसाठी माहिती', आणि खाली रिकाम्या ओळी. शिक्षण कुठे झालं, प्रशिक्षण कुठे, अनुभव किती वर्षांचा, हातखंडा कशात, भेटीची वेळ काय. तू फोनवर म्हणालीस, "खाला, बाबांना विचारलं तर ते चार शब्दांत उरकतील. तूच भर, तुला सगळं पाठ आहे." खरंच आहे पाठ. नदीपलीकडे तुझा नवा दवाखाना उघडला की आठवड्यातले दोन दिवस त्यांनी तिथे बसावं, हे तुझ्या मनात आहे, तेही मला ठाऊक आहे. पण चौथ्या ओळीशी आले की माझा हात थांबतो. मला शेहाता आठवतो, मिनीबसवाला शेहाता. त्याचा उजवा डोळा आता नाही, आणि तो जाण्यात तुझ्या बाबांचा आणि माझा हात आहे. हे वाचून लगेच फोन उचलू नकोस. फोनवर मी सहज थाप मारते, तू लहानपणापासून पाहिलंयस. पत्र शेवटपर्यंत वाच.

आधी जे लिहिता येण्यासारखं आहे ते लिहिते. वैद्यकीचं शिक्षण असियूतला. डोळ्यांचं प्रशिक्षण कैरोत, चार वर्षं. तिथे राहायला सांगत होते, पण ते परत आले, कारण तुझी आजी म्हणाली की कैरोत डोळे बघणारे पुष्कळ आहेत. मग पूर्वकाठच्या गावांतली सरकारी नोकरी, होडीतून पेटी घेऊन जायचं. मी तिथेच त्यांच्या हाताखाली लागले, तुझी खाला म्हणजे मावशी व्हायच्या कितीतरी आधी, चोविसाव्या वर्षी, नर्सिंगचा दाखला घेऊन आणि नाकावर राग घेऊन. त्या गावांत म्हाताऱ्या बायकांच्या पापण्या आत वळलेल्या असायच्या आणि केस बुबुळावर घासत राहायचे. बायका चिमटा पदराला बांधून फिरायच्या आणि एकमेकींचे पापणीचे केस उपटायच्या. तुझे बाबा मशिदीच्या ओसरीवर टेबल मांडून पापण्या सरळ करायचे. एकदा एका म्हातारीनं पट्टी सुटल्यावर त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "अरे, तू एवढा काळा आहेस होय? आवाजावरून मला वाटलं गोरा असशील." आम्ही सगळे हसलो. सगळ्यांत जास्त तेच हसले.

आपल्या रस्त्यावरच्या पाट्या तुला आठवत असतील. समोरच्या दातांच्या डॉक्टरची पाटी वाचेपर्यंत चहा गार होतो. कुठल्या कुठल्या संस्थेचा सदस्य, कुठल्या परिषदेला हजर. तुझ्या बाबांच्या पाटीवर नाव आणि 'डोळे' एवढंच आहे. तरी बस स्टँडवर कुणालाही विचार. परवान्यासाठी लागणारा डोळ्यांचा दाखला या गावात डॉक्टर मान वर न करताच देतात, सगळ्यांना माहीत आहे. एक ठिकाण असं आहे जिथे मिळत नाही, हेही सगळ्यांना माहीत आहे. ड्रायव्हर लोक नवख्याला चिडवायचे, "जा की डॉक्टर वफीककडे, हिंमत असेल तर!" आणि ज्यांच्याकडे त्यांचा दाखला असायचा, ते तो काचेवर चिकटवून मिरवायचे. शेहाता त्यातलाच. दर खेपेला आमच्याकडेच यायचा. ड्रायव्हर म्हणून सगळे ज्याला 'उस्ता' म्हणायचे तो शेहाता जिना चढायला लागला की मला दारातूनच कळायचं, कारण येता येता तो प्रत्येक मजल्यावर कुणाची तरी मस्करी करत यायचा.

आता तुला तुझीच एक गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर बेतलेलं आहे. तू सात वर्षांची होतीस. तुझी आई गेल्यानंतरचं ते पहिलं वर्ष. शाळेतून तू थेट दवाखान्यात यायचीस आणि तपासणीच्या खोलीत दोरीवरच्या उड्या मारायचीस. तो तुटक्या कड्यांचा तक्ता समोरच असायचा. कडी कुठे तुटली आहे ते पेशंटनं हातानं दाखवायचं, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. हे ऐकून ऐकून तू सहावी ओळ पाठच केलीस आणि उड्यांच्या तालावर म्हणायचीस: उजवीकडे, वर, डावीकडे, खाली, वर, डावीकडे. बाबांना कौतुक. त्या वर्षी शाळेतल्या पोरींची तपासणी त्यांनीच केली आणि तुझे डोळे उत्तम म्हणून लिहिले, कारण तू घडाघडा सगळी ओळ सांगितलीस. आणि इथे मी बघत होते की तू मोलोखियाच्या पातळ भाजीच्या वाडग्यात नाक बुडवून जेवतेस आणि गच्चीवरून मला हाक मारताना भलत्याच बाईकडे बघून हात हलवतेस. मी औषधवाल्याकडून दुसऱ्या क्रमाचा तक्ता मागून आणला आणि गुपचूप लावला. तू तुझं गाणं म्हटलंस, एकही कडी जुळेना. बाबा खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, "एवढा शिकलो, आणि तहानी, तू मला शहाणं केलंस. ज्याला तक्ता पाठ आहे त्याच्यावर कधी विश्वास ठेवू नये." दुसऱ्या दिवशी तुला चष्मा लागला आणि तू तीन दिवस माझ्याशी बोलली नाहीस.

मागच्या ईदेला तू आलीस तेव्हा त्यांनी तुझ्या वेणीचं कौतुक केलं. तू केस कानापर्यंत कापले होतेस. तुला वाटलं बाबा टोमणा मारतायत, तू हसत सुटलीस. मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले. नर्मीन, त्यांना समोरचं दिसत नाही. कडेकडेनं दिसतं, त्यामुळे घरात ते कुठे अडखळत नाहीत, खुर्ची चुकत नाहीत, रस्ताही ओलांडतात. पण ज्याच्याकडे बघावं तेच पुसलेलं. बोलताना ते मान थोडी तिरकी करून माझ्या कानाकडे बघतात, म्हणजे मग चेहरा थोडा हाती लागत असावा. तू डॉक्टर आहेस, या आजाराचं नाव तुला माझ्याहून चांगलं माहीत. तीन वर्षांपूर्वी त्यांनी शस्त्रक्रिया बंद केल्या तेव्हा हात थरथरतो म्हणाले. हात कधीच थरथरत नव्हता. मी बशीत चहा ओतताना बघितलाय तो हात.

मग मी काय केलं? मी त्यांचे डोळे झाले. आधी चिठ्ठ्या मी लिहू लागले, मग कागद मी वाचू लागले. पेशंटच्या डोळ्यात प्रकाश टाकून ते यंत्रावर बसायचे आणि मी बाजूनं वाकून सहज बोलल्यासारखं म्हणायचे, "बाई गं, कोपऱ्यात केवढा लाल झालाय, त्या पेरूवाल्याचा झाला होता तस्सा." त्यावर ते मान हलवायचे आणि बरोबर औषध सांगायचे. डोक्यात सगळं शाबूत आहे त्यांच्या. ज्याचं दुखणं मला ओळखता यायचं नाही त्याला मीच कैरोला पाठवायला सुचवायचे, आणि ते म्हणायचे, "हो, मीही तेच म्हणणार होतो." दीड वर्ष हे चाललं. आम्ही याबद्दल एक अक्षर बोललो नाही. आणि तुला खरं सांगते, मला ते आवडत होतं. चौतीस वर्षं मी त्यांच्यामागे ट्रे धरून उभी होते. आता त्यांना माझी गरज होती, आणि हे फक्त मलाच माहीत होतं. लोक आमच्याबद्दल काय काय बोलतात ते मी ऐकून आहे. त्यातलं काही खरं नाही, पण हे खरं आहे.

दाखल्यांची मात्र मला भीती वाटायची. तिथे मी कानात काही सुचवू शकत नव्हते. पेशंट हात दाखवणार, डॉक्टर हो की नाही म्हणणार. ते पाठ असलेल्या क्रमावर चालले होते की थोडंफार दिसत होतं, हे मला कळेना. विचारायची हिंमत नव्हती. म्हणून मार्चमध्ये मी तेच केलं जे तुझ्यासाठी केलं होतं. नवा तक्ता आणला, दुसऱ्या क्रमाचा. त्या दिवशी सकाळी भिंत पुसायच्या निमित्तानं जुना उतरवला आणि नवा लावला. मला वाटलं, एखादी बाई चष्म्यासाठी येईल, त्यांचं चुकेल, मी काहीतरी बोलून सावरून घेईन आणि मला समजेल. पहिला आला तो शेहाता.

ड्रायव्हरला ते सरळ सहावीच ओळ विचारतात. मी शेहाताच्या डाव्या डोळ्यावर झाकण धरून उभी होते. तो म्हणाला, वर. डॉक्टर म्हणाले, "नीट बघ, उस्ता." तो हसला, "वरच आहे हो, डॉक्टरसाहेब, आज माझी परीक्षा घेताय का?" ते म्हणाले, "पुढची." डावीकडे. खाली. खाली. उजवीकडे. वर. त्यातली फक्त चौथी त्यांच्या पाठातल्या ओळीशी जुळली. डॉक्टरांचा चेहरा पडला. त्यांनी त्याच्या वरची, मोठ्या कड्यांची ओळ घेतली आणि पुन्हा विचारलं. मग जे झालं ते मी अजून विसरले नाही. शेहाता डोळे चोळायला लागला. पुढे वाकला. आणि मग त्यानं कड्यांकडे बघणंच सोडलं आणि तो डॉक्टरांच्या तोंडाकडे बघून उत्तरं द्यायला लागला. "डावीकडे? नाही नाही, खाली. खालीच असणार." त्याला स्वच्छ दिसत होतं गं. मी त्याच्या शेजारी उभी होते, मला दिसत होत्या त्याच कड्या त्यालाही दिसत होत्या. पण डॉक्टर वफीक चुकीचं कसं सांगतील, असं त्याला वाटलं, म्हणून त्यानं आपलेच डोळे खोटे ठरवले. डाव्या डोळ्याचंही तेच झालं.

'तक्ता बदललाय' एवढे दोनच शब्द बोलायचे होते. माझ्या तोंडाशी आले होते. पण पेशंटसमोर त्यांची शोभा होईल म्हणून गिळले. संध्याकाळी निवांत बोलू, शेहाताला उद्या पुन्हा बोलावू, असं मनाशी म्हटलं. डॉक्टर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत होते, "उस्ता, तुझ्या मागे चौदा माणसं बसतात. मी सही करू शकत नाही. मला माफ कर." त्यांचे डोळे भरून आले होते. शेहाता म्हणाला, "तुम्ही कशाला माफी मागता? देवानं वेळेवर कळवलं म्हणायचं." जिना उतरताना त्यानं कुणाची मस्करी केली नाही. तो गेल्यावर डॉक्टर तोंड धुवायला गेले, तेवढ्यात मी नवा तक्ता उतरवून गुंडाळला, कपाटामागे टाकला आणि जुना परत लावला. संध्याकाळी मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

आठवड्यानं मी स्टँडवर गेले. म्हटलं, उस्ता, एकदा पुन्हा तपासून घे, कधी कधी थकव्यानं होतं. तो म्हणाला, "खाला, ज्यानं कधी कुणाला खोटा दाखला दिला नाही, त्यानं मला नाही म्हटलं. आता मी दुसरीकडून कागद आणू आणि लोकांची पोरंबाळं घेऊन गाडीसकट नदीत जाऊ?" गाडी त्यानं बायकोच्या भावाला देऊनही टाकली होती. त्यानं मला चहा पाजला. मी तो प्यायले, साखर जास्त आहे म्हणून कुरकुरले, आणि परत आले. येताना मला बरं वाटत होतं, हे तुला सांगायला लाज वाटते. मी विचारलं होतं ना, तो नाही म्हणाला, असं काहीसं.

पूर्वेकडच्या डोंगरात चुनखडीच्या खाणी आहेत, तिथे डोळ्यांचा दाखला कुणी मागत नाही. शेहाता तिथे दगड कापायच्या करवतीवर लागला. जुलैत पातं तुटलं आणि दगडाची कपची उजव्या डोळ्यात गेली. मोठ्या इस्पितळात डोळा काढावा लागला. सप्टेंबरात तो आमच्याकडे आला, खजुराची पिशवी घेऊन, पट्टी बांधून. हातांच्या भेगांत पांढरी धूळ बसलेली. मला वाटलं ओरडेल. तो डॉक्टरांचा हात धरून म्हणाला, "तुमचं बरोबर होतं, डॉक्टरसाहेब. डोळे अधूच होते माझे, म्हणून तर कपची येताना दिसली नाही. गाडीवर असतो तर चौदा जण घेऊन गेलो असतो." त्यानं आभार मानले, नर्मीन. तो गेल्यावर तुझे बाबा मला म्हणाले, "बघ तहानी. म्हणूनच मी दाखले वाटत नाही." मी खजूर धुवायला घेतले. एकसुद्धा खाल्ला गेला नाही.

इथवर माझी समजूत होती की बाबांना आपल्या डोळ्यांचं पूर्ण कळलेलं नसावं, माणूस स्वतःला फसवतो. पण तुझ्या कागदासाठी त्यांच्या पदव्या शोधताना मी खालचा खण उघडला, जो ते कधी मला उघडू देत नाहीत. आत पदव्यांखाली चौकड्यांच्या कागदांचा गठ्ठा होता, मधे ठिपका असलेले, पेशंटला घरी तपासायला देतो ते. प्रत्येकावर त्यांच्या अक्षरात तारीख. जिथे रेघा वाकड्या दिसतात तिथे पेन्सिलीनं गोल केलेला. सगळ्यांत जुना चार वर्षांपूर्वीचा, त्यावरचा गोल डाळीएवढा आहे. पुढे पुढे तो वाढत गेलाय. या फेब्रुवारीतल्या कागदावर गोल चौकटीच्या बाहेर गेलाय आणि तारीख आडवीतिडवी आहे. त्यानंतरचे कागद कोरे आहेत. म्हणजे शेहाता खुर्चीत बसला त्याआधी महिनाभर त्यांना सगळं माहीत होतं. तक्ता पाठ असलेल्यावर विश्वास ठेवू नये म्हणणारा माणूस पाठ केलेला तक्ता विचारत होता. मला त्यांचा फार राग आला. मग कोऱ्या कागदांकडे बघून रडू आलं. मी सगळे जसे होते तसे ठेवून दिले. खणही लावून टाकला, सवयीप्रमाणे.

आता हे पत्र का, ते सांगते. शेहातानं स्टँडवर सगळ्यांना सांगितलंय की डॉक्टर वफीकची नजर म्हणजे नजर, त्यांनी मला चार महिने आधी ओळखलं. त्यामुळे जे आजवर कधी फिरकले नव्हते तेही आता येणार म्हणतायत. या शनिवारी पाच ड्रायव्हर येतायत दाखल्यासाठी. जुना तक्ता भिंतीवर तसाच आहे, तो एकाकडून दुसऱ्याला ठाऊक होईल, पुढचे पाठ करून येतील, आणि ज्याला खरंच दिसत नाही तोही पास होईल. तू शुक्रवारच्या गाडीनं ये. या पत्राबरोबर नवा तक्ता पाठवते आहे, सुरकुत्या मी हातानं काढल्यात. तो तूच भिंतीला लाव आणि बाबांना पेशंटच्या खुर्चीत बसव. मी करायला हवं होतं, पण मी एकदा लावला आणि मीच उतरवला, माझ्यानं आता होणार नाही. त्यांच्यावर ओरडू नकोस. तुझ्या सातव्या वर्षी ते तुझ्यावर ओरडले नव्हते. मी त्या वेळी तिथे नसेन. मी नदी ओलांडून शेहाताच्या घरी जाणार आहे. तो मला हाकलून देईल, मारेलही कदाचित, त्याचा हक्क आहे. मला त्याला एवढंच सांगायचंय की मार्चमध्ये त्यानं पहिल्यांदा जी उत्तरं दिली, वर, डावीकडे, खाली, खाली, उजवीकडे, वर, ती सहाच्या सहा बरोबर होती.

तुझा कागद कोराच परत पाठवते.

तुला ज्या खालानं चष्मा लावला, ती तुझीच,
तहानी